जोतिबाच्या यात्रेआधी

सातव्यातलं जगतं, आठव्यातलं दगावतं. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत लहानपणी मी हे इतक्या बायकांच्या तोंडून ऐकलंय की त्यावर शंका घ्यायचं धाडस कधी झालं नाही. सांगणाऱ्याही साध्यासुध्या नव्हत्या. स्वतःची पाच-सहा आणि गल्लीतली निम्मी बाळंतपणं त्यांच्या हातून पार पडलेली. समजुतीचं मूळही खोल आहे. आठव्या महिन्यात ओज, म्हणजे शरीराचं मूळ बळ, अस्थिर असतं, ते आईकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून आईकडे ये-जा करतं, म्हणून त्या महिन्यातला जन्म धोक्याचा, असं आयुर्वेदाच्या संहितांत सांगितलंय. जुने ग्रीक वैद्यही आठव्यातल्या बाळाला असंच घाबरायचे.

शरीराचा हिशेब मात्र सरळ आहे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा. २८पेक्षा ३२ बरे, ३२पेक्षा ३६ बरे. ३७ आठवडे पुरे व्हायच्या आत झालेला जन्म अपुऱ्या दिवसांचा, ही आजची व्याख्या. मग ही समजूत टिकली कशी? माझा आपला अंदाज सांगतो. सातव्यातलं जगलं की चमत्कार होतो आणि तो पन्नास वर्षं सांगितला जातो; गेलं तर चार दिवसांत विषय संपतो. आठव्यातलं जगलं तर महिने मोजायला चुकलो असं ठरतं, आणि गेलं तर ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ शिवाय लग्नानंतर सातव्याच महिन्यात झालेली, तीन किलोंची, गुटगुटीत ‘सातमाशी’ बाळं प्रत्येक पेठेत एक-दोन तरी असतातच. तीही याच खात्यावर जमा होतात.

मी मात्र घरच्यांच्या मोजणीनं खरोखरीचा सातव्यातला. साल १९८१. आईला तारखा आठवत नाहीत, सण आठवतात. “पंचमीला माहेराला गेलो तवा कळलं दिवस गेलेत, म्हणून झोपाळ्यावर बसू दिलं न्हाई मला. जोतिबाच्या यात्रेला दिवस भरायचे होते. तू शिवरात्रीच्याबी आधी आलास.” त्या वर्षीचं पंचांग मिळवून मी हिशेब मांडला. यात्रा म्हणजे चैत्र पौर्णिमा, तिथून मागे, महाशिवरात्रीच्या आधीचा आठवडा-दीड आठवडा. ३२ आठवडे निघतात, थोडं इकडे-तिकडे.

दवाखान्यात काही दिवस काचेच्या पेटीत ठेवलं, मग घरी न्या म्हणाले. वजन दीड किलोच्या आसपास. आजीनं मला कापसात गुंडाळलं, वरून जुन्या लुगड्याचं मऊ धडपं, आणि पोटाशी धरून बसली. आजी उठली की आई, आई निजली की आजी. चोखायचं बळ नव्हतं म्हणून पिळून काढलेलं दूध बोंडल्यानं थेंबथेंब पाजलं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमाराला बसतो, हे आजीला ठाऊक असायचं कारण नव्हतं. अंगावर घेतलं की ठसकतंय, एवढं तिनं पाहिलं आणि माळ्यावरचं बोंडलं काढलं.

त्याच सुमाराला, म्हणजे १९७८-७९मध्ये, कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रे सनाब्रिया नावाचे बालरोगतज्ज्ञ असंच काही करत होते. त्यांच्या रुग्णालयात पेट्या कमी, बाळं जास्त आणि जंतुसंसर्ग उदंड. त्यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीवर उभं बांधून ठेवायला सुरुवात केली. जगभर ती पद्धत कांगारू मातृसेवा म्हणून ओळखली जाते. बरीच वर्षं तिच्याकडे गरिबांचा उपाय म्हणून पाहिलं गेलं. २०२१मध्ये भारतासह पाच देशांतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले: बाळाची तब्येत स्थिर होईपर्यंत वाट न पाहता जन्मानंतर लगेच त्वचेला त्वचा लावून ठेवलं, तर मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात. पुढच्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं तशी शिफारसच केली.

यावर आमच्या घरात आजीचा जयजयकार झाला असता. पण त्याच घरात, त्याच आजीच्या मांडीवर, तोच कापूस असताना माझ्या चुलतीची दोन बाळं गेली. त्यांना ऊब होती, दूध होतं, श्वास नव्हता. बारशाला, लग्नाला, वास्तुशांतीला माझी गोष्ट निघते; त्या दोघांची कधीच निघत नाही. चुलती त्या वेळी उठून चहा ठेवायला जाते, हे मला फार उशिरा ध्यानात आलं.

श्वासाचं कोडं सुटायला विसावं शतक निम्मं उलटावं लागलं. फुप्फुसातले बारीक फुगे श्वास सोडल्यावर एकमेकांना चिकटून मिटू नयेत म्हणून त्यांना आतून एक स्निग्ध थर लागतो, त्याचं नाव सरफॅक्टंट. पुरेसा थर साधारण ३४-३५व्या आठवड्यापर्यंत तयार होतो. तो नसला की बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतकाच जड जातो आणि काही तासांत ते थकतं. मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९मध्ये हे दाखवून दिलं. कारण सापडलं, औषध नव्हतं. ऑगस्ट १९६३मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसांत याच आजारानं गेला. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसालाही विकत घेता येईल असं काही तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. १९७२मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी दाखवलं की बाळंतपण लवकर होणार असं दिसताच आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली तर बाळाची फुप्फुसं पोटातच लवकर पिकतात. १९८०मध्ये जपानच्या फुजिवारांनी बाहेरून दिलेल्या सरफॅक्टंटनं बाळं सावरतात हे सिद्ध केलं. म्हणजे मी जन्मलो तेव्हा औषध निघालं होतं, पण ते पंचगंगेपर्यंत यायला अजून अवकाश होता. माझी फुप्फुसं चुलत भावंडांपेक्षा जरा जास्त पिकलेली होती, एवढाच काय तो चमत्कार.

आता ते औषध कोल्हापुरात मिळतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. रक्तदाब अचानक चढला, लघवीतून प्रथिनं जायला लागली, आणि २९व्या आठवड्यात भाची बाहेर. तिला दिलेलं सरफॅक्टंट गाई-डुकरांच्या फुप्फुसांतून काढतात हे मला नंतर कळलं. नवजात अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर उभ्या माणसाला सोवळं-ओवळं आठवत नाही. तिथे आणखी एक गंमत कळली. या बाळांना रोज कॉफीतलं कॅफीन औषध म्हणून देतात, कारण अपुऱ्या मेंदूला श्वास घ्यायचं मधूनच विसरायला होतं. आमचे मेहुणे चहासुद्धा न घेणारे. “माझ्या पोरीला कॉफी?” म्हणून ते सिस्टरांकडे बघतच राहिले.

डोळ्यांचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं, आणि यावर मी मुद्दाम थांबतो. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या मध्यापासून कडेपर्यंत पोचायला जवळपास पूर्ण नऊ महिने घेतात. बाळ लवकर जन्मलं की त्यांची वाढ अडते, आणि नंतर वेडीवाकडी सुरू होते. या वाहिन्या पडदा ओढून सोडवू शकतात. मग कायमचं अंधत्व. जास्त प्राणवायूनं धोका वाढतो. १९४०-५०च्या दशकांत श्रीमंत देशांतल्या चांगल्या रुग्णालयांत हजारो मुलांची नजर अशीच गेली. जीव वाचवायला भरपूर प्राणवायू दिला होता आणि तोच बाधत होता. १९५१मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवलं तेव्हा लोक सावध झाले. बरं, बाहेरून काहीच दिसत नाही. डोळे टपोरे, बाळ दिव्याकडे बघतंय असं वाटतं. म्हणून ३४ आठवड्यांच्या आतली किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाची बाळं जन्मानंतर ३० दिवसांच्या आत रेटिनाच्या डॉक्टरला दाखवायची, आणि फारच लवकर झालेली असतील तर दोन-तीन आठवड्यांतच, असा आपल्याकडचा नियम आहे. वेळेत सापडलं तर लेझरनं किंवा इंजेक्शननं नजर वाचते. उशीर झाला की फार काही करता येत नाही.

भाचीच्या घरी जायच्या कागदावर ती तारीख लिहिलेली होती. नेमका तोच दिवस घरच्यांनी पाचवी-सटवाईचं राहिलेलं उरकायला धरला होता. सटवाई चार दिवस थांबली, डोळ्यांची तारीख पाळली. आमच्या घरात वाचणारी, फोन करणारी, गाडी काढणारी माणसं होती. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्या जिल्ह्यात येतात. त्यातली एखादी बाई आठव्या महिन्यातही मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढत असते. तिचं मूल फडाशेजारच्या कोपीत नाहीतर तालुक्याच्या दवाखान्यात लवकर झालं, आणि जगलं, तर तिसाव्या दिवशी ती कुठल्या शिवारात असेल? मुकादमाला कोयत्यांचा हिशेब पाठ असतो. हा कागद सांभाळायचं काम कुणाकडेच नसतं.

बाळ घरी आलं, बाळसं धरलं, की आपल्याकडे गोष्ट संपते. पुढची दोन वर्षं त्याचं वय जन्मतारखेपासून नव्हे, दिवस भरायच्या तारखेपासून मोजून बसणं-रांगणं तपासायचं असतं (लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच), हे बहिणीला डॉक्टरांनी समजावलं. तरी शेजारची बाई “आमचं या वयात उभं राहत होतं” म्हणून गेलीच. इथवर तरी कुणी विचारत असतं. शाळेत घातलं की विचारणं थांबतं, आणि मला जे सांगायचंय ते तिथून पुढचं आहे.

मला वडिलांनी तालमीत घातलं ते अंग धरावं म्हणून. सातमाशी पोरगं, त्याला लाल माती लागली की सगळं भरून निघेल, असा हिशेब. गंगावेशीत कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध, बदामाची थंडाई, पहाटे जोर-बैठका. अंग खरंच भरलं. दम मात्र लवकर उखडायचा. वस्ताद म्हणायचे, “पोराला डाव कळतोय, छाती पुरत न्हाई.” पुढे फौंड्रीत नोकरी लागली, लग्न झालं, आणि तिशीतच रक्तदाब वर निघाला. डॉक्टरांनी विचारायचं ते सगळं विचारलं: वडिलांना होता का, तंबाखू, दारू, मीठ, झोप, ताण. तू किती आठवड्यांचा जन्मलास, हे त्यांनीही विचारलं नाही आणि त्यांच्या आधीच्यांनीही नाही.

विचारायला हवं होतं, असं आता माझं ठाम मत आहे. मूत्रपिंडातल्या रक्त गाळणाऱ्या नेफ्रॉनचं काम घ्या. निम्म्याहून जास्त नेफ्रॉन शेवटच्या तीन महिन्यांत तयार होतात आणि ३६व्या आठवड्याच्या सुमाराला हे घडणं थांबतं. त्यानंतर आयुष्यभर एकही नवा होत नाही. लवकर जन्मलेल्याला ते कमी मिळण्याचा संभव असतो, आणि कमी नेफ्रॉनवर जास्त भार आला की रक्तदाब चढतो. बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९८८मध्ये मांडलेला हा विचार पुढे बराच तपासला गेला. हृदयाचंही तसंच. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१३मध्ये तरुणांच्या हृदयांचे एमआरआय काढले, तेव्हा अपुऱ्या दिवसांच्यांची डावी जवनिका, म्हणजे अंगभर रक्त ढकलणारा कप्पा, आखूड आणि तिचा स्नायू जाड आढळला. फुप्फुसाची ताकद पंचविशीच्या आत जिथवर चढायची, तिथवर ती अनेकांत चढत नाही. मग धूर असो की धूळ, तोटा इतरांपेक्षा लवकर जाणवतो. आमच्या फौंड्रीत कास्टिंग साच्यातून घाईनं काढलं तर वरून माप बिनचूक भरतं, आत राहिलेला ताण मशीनवर चढवल्यावर किंवा वर्षभरानं गाडीखाली कळतो. मी त्याच वाळूच्या धुळीत उभा असतो, मास्क न लावता फिरणाऱ्या नव्या पोरांवर ओरडतो, आणि त्यांना वाटतं साहेबाला नसती खोड आहे.

आता यातून ‘माझा दम तालमीत याच कारणानं उखडायचा’ असं म्हणण्याचा मोह होतो. तसं म्हणता येत नाही. हे आकडे समूहांचे असतात. अपुऱ्या दिवसांच्या माणसांचा वरचा रक्तदाब सरासरीनं काही अंकांनीच जास्त भरतो. माझ्या वडिलांचाही होताच, आणि आमच्या घरात खर्डा तोंडी लावायला नसतो, तो मुख्य पदार्थ असतो. स्वीडनमध्ये १९७३ ते १९९७ या काळात जन्मलेल्या २५ लाख लोकांची नोंद तपासली, तेव्हा लवकर जन्मलेल्यांपैकी ५५ टक्के कोणताही मोठा आजार नसलेले प्रौढ निघाले. पूर्ण दिवसांच्यांत हे प्रमाण ६३ टक्के होतं. मी हे दोन आकडे बहिणीला वाचून दाखवले. तिला ५५ ऐकून हायसं वाटलं, मेहुण्यांना ६३ ऐकून काळजी वाटली. दोघांचंही बरोबर आहे. अगदी २८ आठवड्यांच्या आतल्यांचं चित्र मात्र बरंच कठीण आहे, तिथे हे प्रमाण २२ टक्क्यांवर येतं.

स्वीडनचं स्वीडनला, असं कुणी म्हणेल. आपल्या पुण्यातच पाहा. केईएम रुग्णालयाच्या डॉ. सुधा चौधरी यांनी १९८७ ते १९८९मध्ये नवजात विभागातून घरी गेलेल्या दोन किलोंच्या आतल्या मुलांना अठरा वर्षांची होईपर्यंत सोडलं नाही. मुलांची बुद्धी सर्वसाधारण कक्षेतच निघाली, तरी पूर्ण दिवसांच्या सोबत्यांपेक्षा थोडी मागे. गणितात आणि डोळा-हात यांच्या मेळात अडचणी जास्त. वर्गात अशा पोराला ‘मठ्ठ’ म्हणून मागच्या बाकावर टाकण्याआधी हे मास्तरांना कुणीतरी सांगायला हवं. त्याच केईएममध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा मागोवा घेत आलेत. ती मुलं बहुतेक पूर्ण दिवसांची, म्हणजे वेगळा प्रश्न. पण इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनानं जवळपास पाऊण किलो हलकी असूनही त्यांची चरबी मात्र टिकून होती, आणि पुढच्या मधुमेहाची वाट तिथून निघते असं त्यांनी दाखवलं. नऊ महिन्यांची उधारी चाळिशीत वसूल होऊ शकते, ही गोष्ट महाराष्ट्राइतकी मन लावून फार थोड्या ठिकाणी तपासली गेली असेल. आमच्या आरोग्य तपासणीच्या फॉर्मवर तरी त्याचा मागमूस नाही.

आणि आई? लवकर बाळंतपण झालं की घर आधी बाईचा दोष शोधतं. ग्रहणात भाजी चिरली, स्कूटरवर बसली, पपई खाल्ली. बहिणीच्या सासरकडून “माहेरी नीट सांभाळलं नाही” हेही आलं. खरी कारणं जंतुसंसर्ग, रक्तदाब, जुळं, मधुमेह, दोन बाळंतपणांत कमी अंतर अशी असतात, आणि पुष्कळदा तर कारण सापडतच नाही. ज्या बाईचं मूल अपुऱ्या दिवसांचं झालं, तिला स्वतःलाच पुढे रक्तदाबाचा आणि हृदयविकाराचा धोका इतर बायकांपेक्षा जास्त असतो. बाळाच्या वजनाची चौकशी अख्खी गल्ली करते. बाळंतिणीचा रक्तदाब सहा महिन्यांनी मोजून बघावा असं कुणाच्या मनात येत नाही.

यंदा कंपनीत तपासणीची गाडी आली. फॉर्मवर ‘इतर’ असा एक रकाना असतो, तिथे मी लिहिलं: जन्म ३२ आठवडे, वजन सुमारे दीड किलो. तरुण डॉक्टरीणबाईंनी वाचलं, मान वर केली. “हे तुम्हाला कसं माहीत?” मी जोतिबाची यात्रा, पंचमी, शिवरात्र सगळं सांगितलं. त्या हसल्या, पण कागदावर खूण केली. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारी क्रिएटिनिन आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी वाढवली. रिपोर्ट चांगले आले. रक्तदाब गोळी चालू असूनही काठावर आहे, मीठ कमी करा, तीन महिन्यांनी दाखवा.

संध्याकाळी आईला घेऊन आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. तीही कित्येक वर्षं रक्तदाबाची गोळी घेते. तिच्या फाईलवर ‘पहिलं बाळंतपण ३२ आठवड्यांत’ एवढं लिहून घेतलं. तिला ते आवडलं नाही. “पंचेचाळीस वर्षांमागचं काय लिवून घेतोस? तू धडधाकट हाईस न्हवं?” धडधाकट आहे म्हटलं. मग मिठाचा विषय निघाला. पांढऱ्या रश्श्यात मीठ कमी घालायचं म्हटल्यावर ती म्हणाली, मग त्यापेक्षा गरम पाणीच पी. बरीच घासाघीस होऊन रविवारचा रस्सा चालू राहिलाय, पापड आणि लोणचं दोघांचंही बंद. खर्ड्यावर अजून एकमत झालेलं नाही.